कळ उठली की स्तोत्र का विसरते?

१. व्हरांड्यातला प्रश्न

या प्रकरणाचा आरंभ ज्या प्रश्नापासून होतो तो कोणा तत्त्ववेत्त्याचा नाही. नागपुरातल्या एका रुग्णालयाच्या व्हरांड्यात, वैशाखातल्या एका दुपारी, कूलरच्या घरघरीपासून चार हात दूर अंथरलेल्या सतरंजीवर एक वृद्ध बाई भिंतीला पाठ टेकून बसल्या होत्या. गळ्यात तुळशीची माळ आणि मांडीवर तपासण्यांच्या कागदांची पिशवी. मी एका आप्ताच्या विचारपुशीसाठी तेथे गेलो होतो. वाट पाहणाऱ्या माणसांमध्ये ज्या सहजतेने बोलणे निघते त्या सहजतेने आमचे बोलणे निघाले, आणि दुखण्याची हकिकत सांगून झाल्यावर त्या एकदम म्हणाल्या, "भाऊ, चाळीस वर्सं सांजची प्रार्थना चुकली नाही माही. अन् आता डोये मिटले का देव दिसतच नाही, निस्ती कंबर दिसते. देव रुसला म्हणाव, का मीच खोटी?"

मी त्या वेळी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. परंतु त्यांच्या प्रश्नात एक फिर्याद दडलेली आहे आणि तिच्यात आरोपी दोनच ठरवलेले आहेत, एक देव आणि दुसरी स्वतः ती बाई, हे माझ्या मनातून पुढे बरेच दिवस हलले नाही. तिसरा कोणी त्या फिर्यादीत गोवण्यासारखा आहे काय, आणि असल्यास त्याचा जबाब काय, हे पाहणे एवढेच या प्रकरणाचे काम आहे.

२. कटीपाशी अडलेली गाडी

प्रथम माझी स्वतःची साक्ष. विदर्भातला उन्हाळा शरीरातले पाणी ज्या वेगाने आटवतो तो ज्यांनी अनुभवला आहे त्यांना मूतखड्याची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. अशाच एका मे महिन्यात, रात्री दोनच्या सुमारास, माझ्या डाव्या बरगडीखाली जी कळ उठली ती पाठीतून जांघेकडे उतरत गेली, आणि घरची मंडळी रिक्षा शोधायला धावली असता मी पलंगाच्या दांड्याला धरून रामरक्षा म्हणू लागलो. हे स्तोत्र मला मुंजीच्या आधीपासून येते. झोपेतून उठवून म्हणायला सांगितले तरी अडखळू नये असे ते माझ्या अंगवळणी पडलेले आहे, असा माझा समज होता.

रामरक्षेची रचना ठाऊक नसलेल्या वाचकांसाठी थोडे सांगतो. ३८ श्लोकांच्या या स्तोत्राचे कर्तृत्व बुधकौशिक ऋषींकडे जाते, आणि शंकराने स्वप्नात सांगितले ते त्यांनी पहाटे जागे होऊन लिहिले असे स्तोत्रातच म्हटलेले आहे. त्यातला एक भाग कवचाचा आहे. मस्तक, भाळ, डोळे, कान, नाक, मुख, जिव्हा, कंठ, खांदे, भुजा असे क्रमाने खाली उतरत प्रत्येक अवयवाचे रक्षण रामाच्या एकेका नावाकडे सोपवलेले असते, आणि शेवटी पावले येतात. म्हणजे हे स्तोत्र एका परीने देहाची झडतीच घेते. मी मस्तकापासून नाभीपर्यंत सुखरूप उतरलो. कटीच्या रक्षकाचे नाव ओठावर यायला आणि कळेची नवी लाट उठायला एकच गाठ पडली. पुढचे चरण नाहीसे झाले. पुन्हा मस्तकापासून आरंभ केला आणि पुन्हा कटीपाशी अडलो. तिसऱ्या खेपेला तर कंठापर्यंतही पोचलो नाही. मग तोंडून जे निघाले त्यात ना राम होता ना त्याचे कोणते विशेषण. साठीच्या घरातल्या एका गृहस्थाने, जिला जाऊन वीस वर्षे झाली अशा आपल्या आईला मोठ्याने हाक मारली होती.

३. एकच पेशकार

असे का होते? याचे उत्तर 'लक्ष' म्हणून आपण ज्याला म्हणतो त्याच्या स्वभावात आहे.

जुन्या काळच्या मामलेदार कचेरीचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. आत हुजूर बसलेले आहेत, बाहेर अर्जदारांची रांग आहे, आणि मध्ये एक पेशकार आहे जो एका वेळी एकच कागद साहेबांपुढे ठेवतो. सारा-वसुलीचा, वाटणीचा, विहिरीच्या भांडणाचा असे शेकडो कागद कचेरीत दाखल झालेले असतात, पण साहेबांच्या नजरेखाली असतो तो एकच. मनाचे असेच आहे. डोळे, कान, त्वचा, स्मृती, काळजी यांचे अर्ज सतत येत असतात, आणि लक्षाचा पेशकार त्यातला एक उचलून पुढे ठेवतो. स्तोत्र म्हणणे म्हणजे तोच एक कागद साहेबांपुढे बराच वेळ राहू देणे.

वेदना ही मात्र अर्जदार नव्हे, ती हरकारा आहे. सरहद्दीवरून घोडा फेकत आलेला, धुळीने माखलेला हरकारा रांगेत उभा राहत नाही. तो पेशकाराला बाजूला सारून आत शिरतो. १९९९ साली क्रिस्टोफर एक्लस्टन आणि गीर्ट क्रॉम्बेझ या दोन मानसशास्त्रज्ञांनी वेदनेविषयी जो सिद्धांत मांडला त्याचा सारांश हाच आहे की, चाललेले काम मध्येच तोडणे हा वेदनेचा आगंतुक दुर्गुण नसून तेच तिचे नेमून दिलेले कार्य आहे. जे काम ती तोडते ते हिशेबाचे असो की उपासनेचे, तिला त्यात भेद करता येत नाही.

हा हरकारा नसता तर काय झाले असते, हे पाहण्यासाठी नागपूरकराला दूर जावे लागत नाही. वर्ध्याजवळचे दत्तपूर आणि बाबा आमट्यांनी वरोड्याजवळ उभारलेले आनंदवन या दोन ठिकाणी कुष्ठरोग्यांची जी सेवा झाली तिच्यातून हा धडा आपल्या भागाला घरबसल्या मिळालेला आहे. कुष्ठरोगात बोटे 'झडतात' असे लोक म्हणतात. वस्तुतः या रोगाचे जंतू मज्जातंतूंवर घाला घालतात, त्यामुळे हातापायांची संवेदना जाते. तव्याचा चटका बसला, चपलेत खिळा टोचत राहिला, तरी त्याची वर्दी वर पोचत नाही. जखम चिघळते, हाडापर्यंत जाते, आणि बोटे बव्हंशी या दुर्लक्षित जखमांमुळे गमवावी लागतात. ज्याचा हात दुखत नाही त्याला हात सांभाळता येत नाही. स्वतः बाबा आमट्यांच्या वाट्याला मात्र याच्या अगदी उलट प्रकार आला. मणक्याच्या विकारामुळे त्यांना उत्तरायुष्यात बसणे अशक्य झाले. ते उभे तरी असत किंवा आडवे तरी, आणि १९८५ सालची भारत जोडो यात्रा त्यांनी त्याही स्थितीत केली.

तेव्हा हरकाऱ्याला दोष देता येत नाही. दोष असलाच तर तो एवढाच की, वर्दी पोचली, दखल घेतली गेली, वैद्याला बोलावणे धाडले, तरी तो दारातून हलत नाही आणि तेच वाक्य पुनःपुन्हा ओरडत राहतो.

४. चमक आणि ठणका

मराठीत दुखण्याला जितके शब्द आहेत तितके सुखाला नाहीत, हे माझे जुने निरीक्षण आहे. कळ, चमक, ठणका, ठसठस, शूळ, सल, रग, उसण, पेटका, मुरडा, चुरचुर. यातला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. दाताला ठणका लागतो, पाठीत उसण भरते, पोटात मुरडा येतो. यांपैकी चमक आणि ठणका ही जोडी आपल्या विषयासाठी विशेष उपयोगी आहे, कारण शरीरशास्त्राने पुढे जो भेद शोधून काढला तो आपल्या आज्यांनी या दोन शब्दांत आधीच करून ठेवला होता.

पायाच्या अंगठ्याला ठेच लागते तेव्हा तिची वर्दी दोन प्रकारच्या तंतूंनी वर जाते. एक तंतू जलद, सेकंदाला सुमारे २० मीटर वेगाने वार्ता नेणारा. दुसरा मंद, सेकंदाला सुमारे १ मीटर वेगाचा. अंगठ्यापासून पाठीच्या कण्यापर्यंतचे अंतर स्थूलमानाने १ मीटर धरले तर पहिली वार्ता एका सेकंदाच्या विसाव्या भागात पोचते आणि दुसरीला पुरा एक सेकंद लागतो. म्हणून ठेच लागताच प्रथम लख्ख चमक येते, मग क्षणभर काहीच नाही, आणि नंतर तो जड, पसरणारा, रेंगाळणारा ठणका सुरू होतो. पुढच्या खेपेला ठेच लागल्यास वाचकांनी हा मधला क्षण पकडून पाहावा, दुःखात तेवढीच करमणूक.

प्रार्थनेच्या दृष्टीने या दोहोंचे परिणाम फार भिन्न आहेत. चमकेत देवाचे नाव आपोआप निघते. "अरे देवा", "राम राम", "अव माय" हे उद्गार श्रद्धा तपासून कोणी काढत नाही, आणि ते काढायला वेळही लागत नाही. अडचण ठणक्याची आहे. जे दुखणे तासन्‌तास, महिनोन्‌महिने, एकाच सुरात चालते ते माणसाला ओरडूही देत नाही आणि गप्पही बसू देत नाही. व्हरांड्यातल्या त्या बाईंची कंबर अशा दुखण्याची होती. माझा मूतखडा त्या मानाने नाटकी. तो तीन दिवसांत पडून गेला आणि माझी रामरक्षा पूर्ववत झाली.

आता आणखी एक गोष्ट. वार्ता निघाली म्हणजे ती जशीच्या तशी वर पोचते असे नाही. १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी असे प्रतिपादन केले की, पाठीच्या कण्यात जणू एक जकात नाका आहे, आणि वेदनेच्या गाड्यांपैकी किती सोडायच्या व किती अडवायच्या हे तेथे ठरते. कोपर आपटल्यावर आपण ते चोळतो. चोळण्याच्या स्पर्शाच्या गाड्या त्याच नाक्यावर येऊन गर्दी करतात आणि वेदनेच्या काही गाड्या मागे राहतात. शिवाय नाक्याला वरून, म्हणजे मेंदूकडूनही, हुकूम येतात. भीती, एकटेपणा आणि 'आता पुढे काय' ही चिंता यांनी नाका सताड उघडतो, आणि धीर, सोबत व सवयीचा आश्वासक आवाज यांनी तो काही अंशी मिटतो. त्या सिद्धांताच्या तपशिलात पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, परंतु वरून हुकूम येतात ही मूळ कल्पना टिकून राहिली. प्रार्थनेला या देहव्यापारात काही जागा असलीच तर ती या हुकमांच्या दफ्तरात आहे.

५. पहिला अडथळा

आपल्या शास्त्रकारांना हे ठाऊक नव्हते असे समजण्याचे कारण नाही. चित्त एकाग्र होण्याच्या आड येणारे नऊ अंतराय पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्या पादात मोजले आहेत. संशय, आळस, भ्रांती, चंचलता हे सारे त्या यादीत आहेत, पण अग्रस्थान कोणाला? व्याधीला. संशयाचा क्रम तिच्यानंतर लागतो. आणि त्या अंतरायांबरोबर येणारे जे सोबती त्यांनी लगेच पुढे सांगितले आहेत त्यांत अंगाचा कंप आणि श्वासाची बिघडलेली लय यांचा समावेश आहे. ज्या माणसाने ही यादी केली त्याने कण्हणाऱ्या रोग्याजवळ बसून त्याचा श्वास ऐकलेला असला पाहिजे, असे मला वाटते. आसनाविषयी बोलतानाही त्याची मागणी इतकीच आहे की ते स्थिर असावे आणि सुखाचे असावे.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात त्रिविध तापांचे वर्णन केले आहे आणि त्यांतल्या आध्यात्मिक तापाचा समास शारीरिक दुखण्यांच्या लांबलचक यादीने भरलेला आहे. आजच्या वाचकाला 'आध्यात्मिक' या शब्दाखाली खरूज, पोटदुखी आणि दातांचे विकार वाचून हसू येईल. पण तेथे आत्मा म्हणजे स्वतःचा देह आणि मन, आणि त्यापासून उद्भवणारा तो आध्यात्मिक, असा शास्त्रार्थ आहे. आपण तो शब्द पुढे इतका उंचावर नेऊन ठेवला की देह त्याच्या कक्षेतून बाहेर पडला.

६. दिलेल्या सवलती

ज्या परंपरांना अडचण कळली होती त्यांनी सवलतीही दिल्या.

ताजबागेच्या दर्ग्याच्या या नागपूर शहरात मुसलमान शेजाऱ्याला विचारावे, तो सांगेल की नमाजात उभे राहणे, वाकणे आणि माथा टेकणे हे सारे क्रमाने नेमलेले असले तरी आजाऱ्याला त्यातून मोकळीक आहे. इम्रान बिन हुसैन या सहाबीला मूळव्याधीचा त्रास होता आणि नमाज कसा पढावा हे त्याने पैगंबरांना विचारले. उभ्याने, ते न जमल्यास बसून, तेही न जमल्यास कुशीवर पडून, असे उत्तर त्याला मिळाल्याचे हदीसमध्ये नोंदलेले आहे. पुढे शास्त्रकारांनी मानेच्या इशाऱ्यापर्यंत ही सवलत नेली. मूळव्याधीसारखे लाजेचे दुखणे घेऊन एक माणूस धर्माच्या दरबारात रुजू होतो आणि त्याला व्यवहार्य उत्तर मिळते, हा प्रसंग मला फार सुंदर वाटतो.

दुसरा प्रसंग पाली वाङ्मयातला, आणि १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेमुळे ज्या शहराचे नाव बुद्धाच्या नावाशी कायमचे जोडले गेले तेथे तो विशेष ठाऊक असायला हवा. कपिलवस्तूला शाक्यांनी नवे सभागृह बांधले आणि त्यात प्रथम पाऊल ठेवण्यासाठी बुद्धांना बोलावले. रात्री बराच वेळ उपदेश झाल्यावर बुद्ध आनंदाला म्हणाले की, माझी पाठ दुखते आहे, मी ती जरा टेकतो, पुढचे तू सांग. आणि संघाटीची चौघडी घालून ते उजव्या कुशीवर आडवे झाले. दीक्षाभूमीच्या पायऱ्यांवर पाठीत उसण भरलेल्या एखाद्या आजोबांना वंदनेच्या वेळी मांडी घालता आली नाही तर त्यांनी संकोचण्याचे कारण नाही, त्यांच्याजवळ मोठा दाखला आहे.

दुखण्याचे दोन बाण असतात अशीही एक उपमा बुद्धांच्या नावावर आहे. पहिला बाण देहाला लागतो, आणि दुसरा, त्या दुखण्याबद्दलच्या शोकाचा व त्राग्याचा, माणूस स्वतःच्या हाताने मारून घेतो. 'मीच खोटी' हा त्या बाईंचा दुसरा बाण होता. औषध त्यांना पहिल्यावर मिळत होते, दुसऱ्याकडे कोणी पाहिलेही नव्हते.

७. नामाला पुढची ओळ नसते

येथे एक घरगुती प्रयोग करून पाहावा. बर्फाचा एक खडा मुठीत घट्ट धरावा आणि १०० मधून ७ वजा करीत जावे : ९३, ८६, ७९, ७२. हात बधिर होऊ लागला की साठीच्या आसपास कुठेतरी चूक होईल. मग खडा दुसऱ्या हातात घेऊन पाठ असलेली एखादी कविता किंवा आरती म्हणावी. ती बरीच लांब जाईल, पण एखादे कडवे गळेल. हात ऊन होऊ द्यावा, आणि तिसऱ्या खेपेला प्रत्येक उच्छ्वासाबरोबर एकच नाव, 'राम', 'विठ्ठल', 'अल्ला', जे आपले असेल ते, म्हणत राहावे. येथे चूक होण्याला जागाच उरत नाही. खडा वितळेपर्यंत धरण्याचा हट्ट मात्र करू नये.

वजाबाकीला दर पायरीवर नवा विचार लागतो. पाठांतराला विचार लागत नाही, पण 'आपण कुठे आहोत' याची खूण लागते, आणि कळेची लाट तीच खूण पुसून टाकते. म्हणून माझी गाडी कटीपाशी अडली. नामाला पुढची ओळ नसते. हरकाऱ्याने दहा वेळा कचेरी उधळली तरी दहाही वेळा तोच कागद पुन्हा उचलायचा आहे, आणि तो कुठे ठेवला होता हे आठवावे लागत नाही. वारकऱ्यांनी नामाला जे महत्त्व दिले त्यामागे भक्तीची मोठी मीमांसा आहे. परंतु नाम हे थकलेल्या, भुकेल्या आणि दुखणाईत माणसाला पेलवणारे साधन आहे, ही देहाकडून मिळणारी साक्षही त्या मीमांसेच्या जोडीला ठेवता येईल.

श्वासाचा संबंधही साधा आहे. २००१ साली इटलीतील लुचियानो बर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांना लॅटिन भाषेतली मेरीची जपमाळ आणि तिबेटी बौद्धांचा षडक्षरी मंत्र म्हणायला लावून त्यांचा श्वास आणि नाडी मोजली. दोन्ही जपांत श्वासाची गती मिनिटाला सुमारे ६ इतकी उतरली, आणि हृदय व रक्तदाब यांच्या लयी एकमेकींशी जुळल्या. दोन खंडांतले, दोन धर्मांतले जप, आणि त्यांची लांबी फुप्फुसाला सोयीची अशी एकच निघाली. ती माणसे निरोगी होती हे लक्षात ठेवावे. पण पतंजलींनी रोग्याच्या बिघडलेल्या श्वासाची नोंद का केली असेल याचा थोडा उलगडा येथे होतो.

श्रद्धेने वेदना कमी होते का, हाही प्रश्न येणारच. ऑक्सफर्डच्या काटया वीख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात १२ श्रद्धाळू कॅथलिक आणि १२ ईश्वर न मानणारे लोक घेतले. हातावर विजेचे हलके चटके दिले, आणि त्या वेळी कधी मेरीचे चित्र दाखवले, तर कधी लिओनार्दो दा विंचीने काढलेले एका तरुणीचे. मेरीच्या चित्रासमोर श्रद्धाळूंनी वेदना कमी झाल्याचे सांगितले, इतरांना दोन्ही चित्रे सारखीच. २४ माणसांच्या प्रयोगावर मंदिर बांधता येत नाही. शिवाय तेथे चटके थोड्या वेळाचे होते आणि ते थांबणार हे सर्वांना ठाऊक होते. ज्याचे दुखणे थांबणार की नाही हे डॉक्टरही सांगत नाहीत त्याला हा निष्कर्ष लागू करताना हात आखडावा.

८. आर्ताचा अर्ज

दुखण्यात प्रार्थना जमली तरी एक लाज उरते. सुखात निष्काम भक्तीच्या गोष्टी केल्या आणि आता मागतो आहोत काय, तर पाठीतली कळ जाऊ दे. हा अर्ज फार हलका वाटतो. परंतु गीतेच्या सातव्या अध्यायात भक्तांचे जे चार प्रकार सांगितले आहेत त्यांत पहिले नाव आर्ताचेच आहे. ज्ञानी भक्त श्रेष्ठ ठरला तरी आर्ताचे नाव त्या नोंदवहीतून खोडलेले नाही, आणि चौघांनाही उदारच म्हटलेले आहे.

सर्वच दरबारांत असे होत नाही. सत्यनारायण गोयंका यांना अर्धशिशीचा असा भयंकर विकार होता की त्यासाठी अफूजन्य औषध टोचून घ्यावे लागे. १९५५ साली रंगूनमध्ये ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकायला गेले, तेव्हा डोकेदुखी घालवण्यासाठी येणार असाल तर येऊ नका, असे त्यांना प्रथम सांगण्यात आले. पुढे तेच गोयंका भारतात आले आणि इगतपुरीला १९७६ पासून त्यांचे केंद्र उभे राहिले. तेथेही साधकाला मस्तकापासून पायापर्यंत देहाच्या एकेका भागावरून मन फिरवायला शिकवतात. रामरक्षेच्या कवचाची वाट आणि ही वाट बाहेरून सारखी दिसली तरी एकीवर प्रत्येक नाक्याला रक्षक नेमलेला आहे आणि दुसरीवर कोणी नाही, केवळ पाहणे आहे.

रामकृष्ण परमहंसांना घशाचा कर्करोग झाला. धंतोलीच्या रामकृष्ण मठाच्या मराठी ग्रंथांमुळे त्यांच्या अखेरच्या वर्षाची ही हकिकत नागपूरच्या कित्येक घरांत वाचली गेलेली आहे. अन्न गिळता येईना तेव्हा शिष्यांनी आग्रह धरला की, जगन्मातेला सांगून एवढे तरी बरे करून घ्या. त्यांनी विचारले, आणि मातेने शिष्यांकडे बोट दाखवून, इतक्या मुखांनी तू खातोसच की, असे म्हटल्याचे सांगून ते स्वतःच्या मागण्याची लाज वाटून गप्प झाले. १६ ऑगस्ट १८८६ रोजी त्यांचा देह पडला. ही कथा सांगून रोग्याने काही मागू नये असा उपदेश करणारे लोक मी पाहिले आहेत. मला तिच्यात वेगळेच दिसते. परमहंसांनाही मागण्यासाठी शिष्यांनी भरीस घालावे लागले. जो स्वतः दुखण्यात आहे त्याच्या वतीने मागणारे चार लोक पलंगाभोवती असावे लागतात.

आणि मागण्याचा एक अर्ज वैद्याकडेही जातो. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनेसाठी औषधांची तीन पायऱ्यांची शिडी घालून दिली आणि तिच्या सर्वांत वरच्या पायरीवर मॉर्फिन आहे. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने परवान्यांचे असे जंगल माजवले की खऱ्या गरजवंताच्या हाती ती गोळी पडणे दुरापास्त झाले. २०१४ च्या दुरुस्तीने वाट काहीशी मोकळी झाली आहे. 'नाम घेतो, गोळी कशाला' असे म्हणणाऱ्या रोग्याला घरच्यांनी समजवावे. व्याधीला पतंजलींनी अंतराय म्हटले आहे, भूषण म्हटलेले नाही.

९. मोझरी

नागपूर-अमरावती रस्त्यावर तिवसा तालुक्यात मोझरी लागते. तुकडोजी महाराजांचे गुरुकुंज तेथे आहे. १९०९ साली यावलीला एका गरीब घरात जन्मलेल्या या माणसाने खंजिरीच्या तालावर विदर्भाला भजन दिले, ग्रामगीता दिली, १९४२ च्या आंदोलनात नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत दिवस काढले. परंतु आपल्या विषयासाठी त्यांचे मोठे दान म्हणजे सामुदायिक प्रार्थना. दिवसभर राबलेल्या माणसांनी संध्याकाळी ओळीने एकत्र बसून एका सुरात म्हणायची, जातीचा वा पंथाचा दाखला न मागणारी. खेड्यापाड्यांतल्या गुरुदेव सेवा मंडळांत ती आजही चालते. त्या बाईंची चाळीस वर्षे न चुकलेली 'सांजची प्रार्थना' हीच.

महाराजांना अखेरीस कर्करोगानेच गाठले. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गुरुकुंजात त्यांचे देहावसान झाले. नागपूरच्या मानेवाडा रस्त्यावरचे प्रादेशिक कर्करोग रुग्णालय त्यांच्या नावाने ओळखले जाते. दरवर्षी पुण्यतिथीला, आश्विन वद्य पंचमीला, मोझरीत अफाट जनसमुदाय जमतो, आणि दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, त्यांच्या देहत्यागाच्या क्षणी, सगळे जण एकदम स्तब्ध होतात. खंजिरी थांबते. ज्याने आयुष्यभर लोकांना एका सुरात गायला लावले त्याच्यासाठी लोक एका वेळी गप्प राहतात.

सामुदायिक प्रार्थनेचा एक गुण ती धडधाकट माणसाला सहसा कळू देत नाही. एकटा म्हणणारा अडखळला की प्रार्थना थांबते. समुदायात एक जण अडखळला तर बाकीचे पुढे जातात, आणि लाट ओसरल्यावर त्याला जेथे ते असतील तेथे पुन्हा मिसळता येते. 'आपण कुठे आहोत' ही जी खूण कळ पुसून टाकते ती इतरांच्या आवाजात जपून ठेवलेली असते.

दोन दिवसांनी मी पुन्हा त्या व्हरांड्यात गेलो तेव्हा दिवेलागण झाली होती. कोणा रोग्याचे नातेवाईक, दोन पुरुष, तीन-चार बाया आणि शाळेच्या गणवेशातला एक मुलगा, कोपऱ्यात ओळ धरून बसले होते आणि परिचारिकेने टोकू नये अशा बेताने हळू आवाजात प्रार्थना म्हणत होते. बाई त्यांच्यामागे सतरंजीवर कुशीवर पडल्या होत्या. डोळे उघडे होते आणि ओठ हलत नव्हते. प्रार्थना संपल्यावर मी जवळ जाऊन, आज जमली का, असे विचारले.

"माह्यानं कुठं होते," त्या म्हणाल्या. "माही त्यायनंच म्हणली." आणि लेकीला हाक मारून त्यांनी पाणी मागितले.